आधी देणे, मग दान

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त नाटे येथे झालेल्या कार्यक्रमातील भाषण. बोललेला मजकूर थोडा नीटनेटका करून येथे दिला आहे.)



मी काही विद्वान माणूस नाही. गिरणीत पाळी करता करता, रात्रीच्या शाळेत आणि युनियनच्या ऑफिसात जे वाचलं, जे ऐकलं, तेवढीच माझी शिदोरी. कमिटीने मला विषय दिला आहे 'धंदा आणि समाजसेवा'. आजकाल कंपन्या समाजसेवा करतात, श्रीमंत माणसं ट्रस्ट काढतात, आणि समाजाचं काम व्हावं म्हणूनच काही जण उद्योग सुरू करतात. कॉलेजातली पोरं याला 'सोशल आंत्रप्रिन्युअरशिप' म्हणतात. आपण साध्या भाषेत विचारू. धंदा कशासाठी करायचा? आणि धंदेवाल्याने दिलेलं दान केव्हा दान म्हणायचं?

हा विषय आपल्याला लांबचा वाटेल. पण मागच्या बैठकीत तो आपल्या दारातच येऊन बसला होता. विहारापुढचा मंडप पावसात गळतो हे सर्वांना माहीत आहे. एका ठेकेदाराने नव्या पत्र्यांचा सगळा खर्च द्यायची तयारी दाखवली आहे. मी त्याचं नाव घेणार नाही. पण त्याच ठेकेदाराकडे आपल्या वाडीतल्या सहा जणांची मजुरी अडकलेली आहे. कोणाची दीड महिन्याची, कोणाची दोन. बैठकीत दोन तट पडले. काही म्हणाले, असलं दान घ्यायचं नाही. काही म्हणाले, दान चालून आलंय ते का सोडायचं? आणि ज्यांची मजुरी अडकली त्यांच्यातलाच एक जण म्हणाला, "मजुरी काय मिळायची तेव्हा मिळेल, निदान पत्रे तरी पडू देत." त्या माणसाचं मन मोठं आहे. पण त्याचं म्हणणं बरोबर आहे का, हे आज आपण बुद्धांना विचारू, बाबासाहेबांना विचारू आणि गिरणगावाला विचारू.

आधी बुद्धांकडे जाऊ. दान म्हटलं की आपल्याला आठवतो अनाथपिंडिक. श्रावस्तीचा मोठा व्यापारी, मूळ नाव सुदत्त. जेत राजकुमाराचं वन विकत घ्यायला त्याने जमिनीवर सोन्याची नाणी अंथरली, ही गोष्ट आपल्या पोराबाळांनाही पाठ आहे. पण ह्याच अनाथपिंडिकाला भगवंतांनी पैशाचा उपयोग कसा करावा हे सांगितलं, ते फारसं कोणी सांगत नाही. अंगुत्तर निकायात ते आलेलं आहे. कष्टाने, घाम गाळून, सचोटीने मिळवलेल्या पैशाचे पाच उपयोग सांगितले आहेत. पहिल्या उपयोगात कोण येतं? स्वतः, आईबाप, बायकापोरं, आणि त्याच दमात घरचे नोकर आणि कामकरी. ह्यांना सुखात ठेवणं हा पैशाचा पहिला उपयोग. मग मित्र, मग अडीअडचणीपासून रक्षण, मग नातेवाईक, पाहुणे आणि राजाचा कर वगैरे देणी. आणि श्रमणांना द्यायचं दान कितवं? पाचवं. शेवटचं.

बंधूंनो, हे कोणाला सांगितलं आहे ते ध्यानात घ्या. ज्याने संघाला एवढा मोठा विहार दिला, त्यालाच सांगितलं आहे. कामकऱ्याची जागा पहिल्या ओळीत, दानाची शेवटच्या.

दुसरं सिगालाला केलेल्या उपदेशात आहे. तिथे सहा दिशा सांगितल्या आहेत, त्यातली खालची दिशा म्हणजे नोकर-कामगार. मालकाने त्यांच्यासाठी काय करायचं? ताकद बघून काम द्यायचं. अन्न आणि वेतन द्यायचं. आजारपणात काळजी घ्यायची. काही चांगलंचुंगलं खायला आलं तर वाटून खायचं. आणि वेळेवर सुट्टी द्यायची. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं, अरे, हे तर आमच्या युनियनचं मागणीपत्रकच आहे! कामाचा बोजा, पगार, दवाखाना, बोनस, रजा. अडीच हजार वर्षांपूर्वी सगळं सांगून ठेवलंय. आणि कामगारालाही सोडलेलं नाही बरं का. त्याने वेळेवर यावं, दिलेलं तेवढंच घ्यावं, काम चोख करावं, हेही तिथेच आहे.

भगवंतांनी काही धंदे वर्ज्य सांगितले. त्यात शस्त्रांचा, दारूचा आणि विषाचा धंदा येतो. याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. आपल्या समोरच्या जैतापूरच्या खाडीतूनच राजापूरला गलबतं जायची. तिथे इंग्रजांची वखार होती. कशाला आले होते? व्यापाराला. पण १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा हेच व्यापारी तोफा-दारूगोळा घेऊन वेढ्यात उभे राहिले. १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूर मारलं, वखार खणून काढली आणि इंग्रजांना कैदेत टाकलं. व्यापाऱ्याला आपण काय विकतो आणि कोणाला विकतो याचं भान सुटलं की तो व्यापारी राहत नाही. ही शिकवण आपल्या खाडीने साडेतीनशे वर्षांपूर्वी बघितली आहे.

आता गिरणगावात या. आपल्या वाडीतलं एक घर दाखवा की ज्यातला माणूस गिरणीत नव्हता. डिलाईल रोड, नायगाव, वरळी, बीडीडी चाळींतल्या गावाच्या खोल्या. एका खोलीत पंधरा-वीस माणसं, पाळीपाळीने झोपायची. आणि आजारी पडलं की जायचं कुठे? परळला. वाडियाचं बाळंतपणाचं हॉस्पिटल १९२६ चं, लहान मुलांचं १९२९ चं, ते गिरणीमालक वाडियांच्या दानातून झालं. केईएमला लागून असलेलं जी. एस. मेडिकल कॉलेज सेठ गोरधनदास सुंदरदासांच्या नावाच्या पैशातून. टाटा कॅन्सर हॉस्पिटल १९४१ साली सर दोराबजी टाटा ट्रस्टने काढलं. आजही राजापूर तालुक्यातला माणूस पिशवी घेऊन तिथल्या फुटपाथवर नंबर लावून बसतो. ह्या दानाला मी कमी लेखत नाही. त्या इमारतींत आपली पोरं जन्मली, आपली माणसं वाचली. दान करणाऱ्याचं ऋण मानायला पाहिजे.

पण त्याच काळात गिरणीच्या आत काय चाललं होतं? गिरणीत जास्त पगाराचं खातं म्हणजे साळखातं, विणकामाचं. तिथे आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. आपला माणूस त्रासन खात्यात, रिंगमध्ये, झाडलोटीला. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे. महाराचं तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असं इतर कामगारच म्हणत. मालकाने काय केलं? गप्प बसला. त्याला साचे चालायला हवे होते. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. आपल्या माणसाला साळखाते बंद असेल, तर संपातल्या मागण्या सगळ्यांच्या कशा, असा त्यांचा सवाल होता.

मला यातून एवढंच सांगायचं आहे, की दानाची पाटी दरवाज्यावर असते आणि धंद्याचा खरा हेतू मस्टरवर असतो. कोणाला कामावर घेतलं, कोणत्या खात्यात घेतलं, किती तास राबवलं, पगार कोणत्या तारखेला दिला, हे मस्टर बघितल्यावर कळतं.

सगळे मालक सारखे होते असंही नाही. नागपूरला जमशेटजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली. तिथे १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड आणि १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू झाली. देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला १९२३ साली. म्हणजे कायदा यायच्या कितीतरी आधी एका मालकाला हे सुचलं. आज टाटा सन्स या मुख्य कंपनीचे सुमारे ६६ टक्के भाग ट्रस्टांच्या ताब्यात आहेत. नफा कुठे जावा हे त्यांनी कागदावर बांधून ठेवलं. चांगलं आहे ते चांगलं म्हटलं पाहिजे.

महात्मा फुले ठेकेदार होते, हे तरी किती जणांना ठाऊक आहे? पुण्यात त्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली. शाळा चालवायच्या, समाजकार्य करायचं, तर घर कशावर चालायचं? जोतीराव बांधकामाचे ठेके घेत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी ठेकेदार म्हणून त्यांचा संबंध होता. आणि ठेकेदार असूनही सरकारी बांधकाम खात्यात लाच कशी चालते, मजूर कसा नागवला जातो, हे त्यांनी स्वतःच लिहून चव्हाट्यावर आणलं. आजच्या भाषेत त्यांना काय म्हणायचं ते पोरांनी ठरवावं. धंदा त्यांनी केला, पण धंद्याने त्यांचं तोंड बंद केलं नाही.

मग आपले लोक धंद्यात का नाहीत, असा प्रश्न येतो. माता-भगिनींनो, आपल्याला धंद्याचा दरवाजाच बंद होता. आपल्या हातचा चहा कोण पिणार, आपल्या दुकानातलं तेल कोण नेणार? बाबासाहेब परदेशातून एवढे शिकून आले, मुंबईत शेअर आणि व्यापाराबद्दल सल्ला देणारी कचेरी त्यांनी उघडली. गिऱ्हाईक यायला लागलं. जात कळली आणि गिऱ्हाईक तुटलं. कचेरी बंद करावी लागली. बाबासाहेबांची ही गत, तर तुमची-आमची काय कथा? म्हणून आपण नोकरी धरली. सरकारी नोकरी, गिरणी, गोदी, रेल्वे. त्यात चूक काहीच नव्हती. पण आज गिरणगावात भोंगा वाजत नाही. सरकारी भरती आटली. मुंबईला गेलेला पोरगा दहा-बारा तास सिक्युरिटीत उभा राहतो, नाहीतर पाठीवर पार्सलची पिशवी घेऊन पळतो. तेव्हा धंद्याचा विचार आपल्याला करावाच लागणार आहे.

त्याची दोन-तीन उदाहरणं सांगतो. ही आपल्यासारख्याच माणसांची आहेत.

गिरणगावात एकट्या राहणाऱ्या गडीमाणसांना जेवू कोण घालायचं? खानावळवाल्या बायका. एकेक बाई दहा-पंधरा माणसांचे डबे करायची. पैसे महिन्याने, पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज. संप झाला, पगार थांबला, तरी ह्या बायकांनी गड्यांना उपाशी ठेवलं नाही. स्वतःचे दागिने गहाण टाकले आणि भाकरी थापली. संपाचा इतिहास लिहिणारे पुढाऱ्यांची नावं लिहितात, ह्या बायकांची कोणी लिहीत नाही. प्रेमा पुरव ह्या मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या कार्यकर्त्या. त्यांनी हे ओळखलं. १९७५ साली त्यांनी ह्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पहिल्यांदा १४ बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बँकेला तारण काय? एकमेकींची हमी. बायकांनी कर्ज फेडलं. मग ओघ लागला, हजारो बायका सभासद झाल्या. इथे कोणी कोणाला दान दिलं नाही. धंदा होताच, कष्ट होतेच. त्या कष्टावर बसलेला सावकार तेवढा उठवला.

दुसरं, लिज्जत पापड. १५ मार्च १९५९, गिरगाव. सात बायका, ८० रुपये उसने, आणि गच्चीवर पापड. आज देशभर हजारो बायका त्यात आहेत. तिथे पापड लाटणारी बाई नोकर नाही. तिला बहीण म्हणतात, आणि ती संस्थेची भागीदार असते. नफा झाला तर तिचा, तोटा झाला तर तोही सर्वांचा. आणि त्यांचा एक नियम मला फार आवडतो. संस्था कोणाकडून दान-देणगी घेत नाही. आम्ही धंदा करतो, आम्हाला दया नको. हा ताठपणा आपण शिकण्यासारखा आहे.

तिसरं उदाहरण माझ्या जास्त जवळचं, कारण ते कामगारांचं आहे. कुर्ल्याची कमानी ट्यूब्स. मालकांच्या घरात भांडणं लागली, १९८५ च्या सुमारास कारखाना बंद पडला. कामगार रस्त्यावर. पण ह्या कामगारांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. ते सुप्रीम कोर्टात गेले आणि १९८८ साली कारखाना कामगारांच्या सहकारी सोसायटीकडे चालवायला आला. देशभरच्या युनियनांत आनंद झाला. कामगार मालक झाला! सुरुवातीची वर्षं बरी गेली. पुढे खेळतं भांडवल अपुरं पडलं, आपसांत तट पडले, कर्ज वाढलं, आणि कारखाना पुन्हा बुडाला. इथे मला आपल्या लोकांना एक कडू गोष्ट सांगायची आहे. हेतू चांगला असून भागत नाही. सूत कितीही चांगलं असलं तरी ताणा नीट लागला नाही तर कापड होत नाही. धंद्याला हिशेब लागतो, वेळेवर निर्णय लागतो, आणि एकाने बोलायचं तेव्हा बाकीच्यांनी ऐकायचं, एवढी शिस्त लागते.

मग ते कामगार कोणाकडे गेले? कल्पना सरोज यांच्याकडे. अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेड्याच्या, दलित कुटुंबातल्या, हवालदाराची मुलगी. बाराव्या वर्षी लग्न लावून दिलं, छळ झाला, बाप परत घेऊन आला. मुंबईत होजिअरीत दोन रुपये रोजाने त्या कामाला लागल्या. पुढे मागासवर्गीयांसाठीच्या सरकारी योजनेतून ५० हजारांचं कर्ज काढून शिलाई आणि फर्निचरचा धंदा उभा केला. कमानीवर तेव्हा शंभर कोटींच्या वर कर्ज आणि शंभरावर कोर्टकज्जे होते. सुमारे साडेपाचशे कामगारांची घरं त्यावर अवलंबून. त्यांनी बँकांशी बोलून व्याज-दंड माफ करून घेतले आणि २००६ साली कंपनीची सूत्रं हाती घेतली. आणि पहिलं मोठं काम कोणतं केलं? कामगारांची थकलेली देणी चुकती केली. त्यासाठी मिळालेल्या मुदतीच्या कितीतरी आधी. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बायांनो, तुमच्या-माझ्यासारख्या घरातली बाई ही.

मी मुद्दाम 'देणी' हा शब्द वापरला. आजच्या भाषणातलं एवढं एक घरी घेऊन जा. देणं वेगळं आणि दान वेगळं. कामगाराचा पगार हे देणं आहे. वाण्याची उधारी हे देणं आहे. सरकारचा कर हे देणं आहे. देणं फेडलं की उपकार होत नाहीत, ते फेडायचंच असतं. दान हे देणं फेडून झाल्यावर हातात जे उरतं त्यातलं असतं. देणं बुडवून केलेलं दान म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून केलेलं दान. त्याच्यावर नाव मात्र आपलं.

हे आज कायद्यातही आलेलं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे, ते १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्यावर आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजाच्या कामावर खर्च करायचे. याला सीएसआर म्हणतात. शाळेच्या बाकांवर, अँब्युलन्सवर कंपनीचं नाव दिसतं ते ह्यातलं. आता त्या नियमांत एक गोम आहे ती बघा. कंपनीने फक्त आपल्याच कामगारांसाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत. काही जणांना हे विचित्र वाटतं. मला ते अगदी बरोबर वाटतं. आपल्या कामगाराचं बघणं हे समाजकार्य नव्हेच, ते देणं आहे. ते करून मग २ टक्के.

आपल्यातल्या काही मित्रांना अजून एक शंका आहे. ते म्हणतात, बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू सांगितले. मग आपणच भांडवलदार व्हायचं का? पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांचं चेंबर काढलं, डिक्की म्हणतात त्याला. नोकरी मागणारे नको, देणारे व्हा, असं ते सांगतात. यावर आपल्या चळवळीत वाद आहे आणि तो असायला हरकत नाही. माझं मत मी सांगतो. बाबासाहेब ज्याच्याविरुद्ध बोलले ते माणसाला माणूस न मानणारं, घामाचं मोल न देणारं भांडवल. १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना कामाचे तास, बाळंतपणाची रजा यासाठी ते झटले ते त्याच्याचसाठी. आपला माणूस कारखानदार झाला याचा मला आनंद आहे. पण तो झाल्यावर त्याच्याही मस्टरकडे मी बघणार. तो आपला आहे म्हणून सोडणार नाही. उलट आपला आहे म्हणून जास्त बघणार.

आता आपल्या पत्र्यांकडे येऊ.

माझं म्हणणं असं आहे. कमिटीने त्या ठेकेदाराला नम्रपणे पत्र लिहावं. तुमची भावना चांगली आहे, विहार तुमचा आभारी आहे. पण आमच्या सहा माणसांची मजुरी तुमच्याकडे आहे, ती आधी चुकती करा. तारीखवार हिशेब सोबत जोडला आहे. ती मिळाली की तुमचे पत्रे आम्ही आनंदाने स्वीकारू, तुमच्या हस्ते बसवू, आणि स्मरणिकेत तुमचं नाव छापू. त्याने नाही दिली, तर अजून एक पावसाळा आपण ताडपत्री बांधून काढू. आपल्या बापजाद्यांनी झावळ्यांच्या मांडवात बुद्धवंदना म्हटली आहे. गळक्या मंडपाने धम्म बाटत नाही. आणि तो मोठ्या मनाचा माणूस आहे ना, त्याला मी सांगेन, बाबा, तुझी मजुरी ही तुझ्या एकट्याची नाही. ती तुझ्या बायकोची, पोरांची आहे. पहिल्या ओळीतली आहे.

पण नुसतं दुसऱ्याला शिकवून चालणार नाही. ह्या मोसमात आपल्या वाडीतली चार पोरं काजूबियांचा छोटा कारखाना काढायच्या तयारीत आहेत. मला फार बरं वाटलं. दर वर्षी आपल्या बायका बिया गोळा करतात, पैशाची नड असते म्हणून मिळेल त्या भावाला व्यापाऱ्याला घालतात, आणि तोच गर शहरात डब्यातून कितीतरी पट भावाने विकला जातो. मधला पैसा गावात राहिला पाहिजे. पण पोरांनो, बिया फोडायला, गर सोलायला बसणार कोण? तुमच्याच आया-बहिणी. त्या टरफलाच्या तेलाने हाताची कातडी जाते, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा पहिल्या दिवसापासून चार गोष्टी करा.

एक, हातमोजे आणि हाताला लावायचं तेल हा कारखान्याचा खर्च धरा, बाईचा नको. दुसरं, मजुरी किलोवर ठरवा नाहीतर रोजावर, पण ती भिंतीवर लिहून ठेवा आणि ठरल्या तारखेला द्या, माल विकला गेला नसला तरी. तिसरं, दारात मस्टर ठेवा, त्यात आपल्या वाडीपुरतीच नावं नकोत, कुणबीवाडीतली, मोहल्ल्यातली बाई आली तर तिलाही तोच दर. साळखात्याचा दरवाजा आपल्याला बंद होता, आपण कोणाला बंद करायचा नाही. चौथं, सिगालाला सांगितलेलं गणित. कमाईचे चार भाग करा. एक भाग खा, दोन भाग धंद्यात परत घाला, एक भाग वाईट दिवसांसाठी बाजूला ठेवा. पहिल्याच वर्षी मोटारसायकल घेऊ नका.

भांडवलाचं म्हणाल, तर बायकांचे बचत गट आहेत, महात्मा फुले महामंडळ १९७८ पासून आहे, बँका आहेत. हेलपाटे पडतील, कागद मागतील. मुंबई शाखेतले जे बँकेत, ऑफिसात होते आणि आता रिटायर झाले, त्यांनी विहाराला देणगी देताना आठवड्यातला एक दिवसही द्यावा. पोरांना अर्ज लिहून द्या, हिशेबाची वही घालायला शिकवा. पावती फाडण्यापेक्षा ते दान मोठं आहे.

आणि शेवटी आपलं विहार. विहाराकडेही लोकांचा पैसा येतो. जो नियम ठेकेदाराला, तोच कमिटीला. गवंड्याची, सुताराची, मांडववाल्याची देणी कार्यक्रमाच्या आधी भागली पाहिजेत. दर वर्धापनदिनाला जमाखर्च माईकवरून वाचून दाखवला पाहिजे, रुपया-पैशासकट. आज खजिनदारांनी तो वाचला, त्याबद्दल त्यांचं जाहीर अभिनंदन.

ठेकेदाराला लिहायच्या पत्राचा मसुदा मी करून आणला आहे. कार्यक्रमानंतर कमिटीने तो वाचावा, सुधारावा, आणि ज्या सहा जणांची मजुरी आहे त्यांनी आपापले दिवस आणि रक्कम बरोबर आहे का ते तपासून सह्या कराव्यात.